अठरा फुटांची वाटणी

जुनी अमेरिकन गाडी विकायला निघाली की सगळ्यात आधी तिला एक महाराज चिकटतात. गाडी ब्यूक असो, पॅकार्ड असो की कॅडिलॅक, दलाल फोनवर आवाज खाली आणून सांगणार, "साहेब, संस्थानातली आहे." कुठल्या संस्थानातली, असं विचारलं की अडखळतो आणि मग भोर, फलटण, औंध, अक्कलकोट असं नकाशावर बोट फिरवत बसतो. महाराज नाहीच जमले तर सिनेमावाले असतात. मराठी गिऱ्हाईक दिसलं की हमखास भगवानदादा. १९५१ साली 'अलबेला' धो धो चालला, दादांनी जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला घेतला, आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या ठेवल्या आणि पुढे सगळं जाऊन ते दादरच्या चाळीत राहिले, ही कहाणी सर्वांना पाठ आहे. त्या सात गाड्या मला आजवर इतक्या गावांत दाखवल्या गेल्यात की दादांकडे पन्नासेक तरी असाव्यात.

माझं काम या बाजारातलं जरा विचित्र आहे. मी गाडी घेत नाही, विकतही नाही. मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींच्या वतीने आधी जाऊन बघून येतो आणि पैसे घालण्याजोगी आहे की नाही ते सांगतो. मुलगी बघायला आधी मामाला पाठवतात, तसा मी मामा. त्यामुळे लोक माझ्याशी खोटं बोलतात ते अगदी मन लावून. यवतच्या गाडीचा फोन आला तेव्हाही दलालाने तीन गोष्टी सांगितल्या. १९५३ची कॅडिलॅक आहे, एका महाराजांची आहे आणि जशीच्या तशी आहे. पहिल्या दोन तिथे पोचल्या पोचल्या निकालात निघाल्या. तिसरी खरी निघाली. या धंद्यात असं सहसा होत नाही.

सोलापूर रस्त्याने उरुळी कांचन मागे पडलं की दोन्ही अंगांना ऊस आणि मधूनच गुऱ्हाळाचा धूर दिसायला लागतो. यवत गावापासून थोडं आत, मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या मागे गाडी उभी होती. एका बाजूला चिपाडाचा ढीग, दुसऱ्या बाजूला खताची पोती. हयात भावांमधले थोरले, त्यांना सगळे आबा म्हणतात, खाटेवर बसून आमच्याकडे बघत होते. महाराजांचा विषय मी काढला तर दलालाकडे बघून म्हणाले, "कशाचा महाराज अन् कशाचं काय! माझ्या बापानं गुळाच्या पट्टीतनं घेतली. मुंबईच्या गिरणीवाल्याकडनं. त्याची वापरून झाल्यावर." दलालाला तेवढ्यात एक महत्त्वाचा फोन आला आणि तो बांधावर जाऊन बोलू लागला.

राहिलं वर्ष. त्या काळच्या कॅडिलॅकचं वर्ष सांगायला कागद लागत नाहीत. इंजिनाच्या ब्लॉकवर पुढच्या बाजूला एक नंबर ठोकलेला असतो, तोच चासीच्या पट्टीवरही असतो. पहिले दोन आकडे मॉडेलचं वर्ष, पुढचे दोन मालिका, उरलेला अनुक्रमांक. माझ्यासोबत आलेल्या मिस्त्रींनी रॉकेलचं फडकं फिरवलं, गुऱ्हाळाची काजळी आणि जुनं तेल यांचा थर निघाला आणि आकडे वर आले. ५१, मग ६२. बॉनेटखाली काचेच्या पुढच्या पत्र्यावर फिशर बॉडीची रिव्हेट मारलेली पाटी होती. तिच्यावर ५१-६२१९, म्हणजे १९५१ची सीरीज ६२, चार दारांची सेडान. हेडलाइटच्या खाली जाळीचे दोन छोटे तुकडे असतात, ते १९५१ची खूण. दलालाने तेवढं जरी बघितलं असतं तरी दोन वर्षांची चूक झाली नसती.

आता हे मिस्त्री. वयाने सत्तरी ओलांडलेले, खडकीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये उमेदवारी केलेले. गाडी बघायला जाताना त्यांच्या खिशात एक लोहचुंबक असतो, तोही पायमोज्यात घातलेला, म्हणजे रंगावर ओरखडा नको. हा चुंबक ते दारांच्या खालच्या कडांवरून, चाकांवरच्या कमानींवरून सावकाश फिरवतात. पत्रा सडला असेल आणि वरून लांबी भरली असेल तर चुंबक तिथे धरत नाही. दुसरी त्यांची सवय म्हणजे दार उघडून आत डोकं घालायचं आणि नुसता वास घ्यायचा. रेक्झिनचा वास आला की ते दार लावून टाकतात. आणि गाडीसमोर किमतीचा शब्द काढायचा नाही, हा त्यांचा कायदा. मी एकदा विचारलं, तिला ऐकू जातं का? म्हणाले, "तिला नाही हो, मालकाला."

कॅडिलॅकचं नाव निघालं की मिस्त्री जोझीलावर जातात. १ नोव्हेंबर १९४८ला सातव्या कॅव्हलरीने जोझीला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या रणगाड्यांच्या पोटात काय होतं? कॅडिलॅकचीच दोन व्ही-८ इंजिनं आणि हायड्रामॅटिक गिअरबॉक्स. इंजिन आधीच्या पिढीचं, १९४९ला आलेलं ओव्हरहेड व्हॉल्व्हचं पाच पूर्णांक चार लिटरचं नव्हे. गिअरबॉक्स मात्र त्याच घराण्यातला. क्लच नाही, चार गिअर आपोआप पडतात. ड्रायव्हरने गिअर शोधत बसण्यापेक्षा बर्फातला रस्ता बघावा, म्हणून. "आणि लोक म्हणतात ही शेठ लोकांची गाडी," असं म्हणून मिस्त्री गाडीखाली सरपटत गेले.

गुळाच्या पैशाला कॅडिलॅक कशी आली, हे समजायला खडकवासल्याला जावं लागतं. या पट्ट्यातला ऊस मुठा कालव्याच्या पाण्यावर उभा राहिला. त्या धरणाच्या सांडव्यावर १९०३ साली आपोआप उघडणारी दारं बसवून साठा वाढवला तो मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी, तेव्हा ते मुंबई सरकारच्या नोकरीत इंजिनिअर होते. हेच विश्वेश्वरय्या १९३०च्या दशकात युरोप-अमेरिकेतले मोटारींचे कारखाने बघून आले आणि मुंबईत मोटारींचा कारखाना काढायची योजना घेऊन फिरत राहिले. सरकारने दाद दिली नाही. ती योजना ज्यांनी तडीस नेली ते वालचंद हिराचंद सोलापूरचे आणि त्यांचं वालचंदनगर याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात. क्रायस्लरशी करार करून त्यांनी १९४४ला प्रीमिअर कंपनी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ला डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. म्हणजे पाणी ज्याने वाढवलं त्याच माणसाच्या डोक्यात मोटारही होती. आबांच्या वडिलांना यातलं काहीच ठाऊक नसणार. त्यांना ठाऊक होता गुळाचा भाव.

त्यांनी डॉज का नाही घेतली? हा प्रश्न मी आबांना विचारला. उत्तर असं की डॉज शेजारच्या गावातल्या पाटलाकडे होती.

कॅडिलॅकवाली जनरल मोटर्स १९२८पासून शिवडीला गाड्या जोडत होती. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने धोरण बदललं. सुटे भाग इथे बनवणार असाल तर राहा, नुसतं जोडकाम चालणार नाही. १९५४ला जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डनेही. त्यानंतर कॅडिलॅकसारखी अमेरिकन गाडी हवी असेल तर मुख्यतः दोन वाटा उरल्या. वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत निघायच्या, त्या घ्यायच्या. नाहीतर मुंबईतल्या धनिकाने आधी आणलेली गाठायची. यवतला आली ती दुसऱ्या वाटेने. नंबरप्लेटवर अजून जुन्या मुंबई राज्याचं 'बीएम' आहे आणि मागच्या डिकीवर, रंग उडालेल्या अक्षरांत, लेफ्ट हँड ड्राइव्ह.

स्टिअरिंग डावीकडे असण्याने या घरात एक नोकरी निर्माण झाली होती. तेव्हाच्या अरुंद सोलापूर रस्त्यावर पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग असली की डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला समोरून काय येतंय ते दिसायचं नाही. मग उजवीकडे बसलेल्याने डोकं बाहेर काढून सांगायचं. ते काम आबांचं, वय वर्षं आठ-नऊ. "मोकळं हाय म्हणलं की वडील दाबायचे. एकदा मी म्हणलं मोकळं हाय, अन् समोरनं यष्टी. उसात घातली गाडी. वडलांनी मला मारलं न्हाय. उसवाल्याला पैसं दिलं अन् म्हणले, पोराची नजर तपासून आणू." चष्मा लागला तो तेव्हापासून.

मग ही गाडी टिकली कशी? आजवर ज्या गाड्या बघितल्या त्यावरून एक सांगतो. या देशात जुन्या अमेरिकन गाड्यांची वाट लावली ती दुर्लक्षाने कमी आणि प्रेमाने जास्त. १९७३ला अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोल भडकलं, आणि लिटरला जेमतेम पाच किलोमीटर देणाऱ्या गाड्या मालकांच्या अंगावर आल्या. ज्यांना गाडी टाकवत नव्हती त्यांनी तिचं इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल बसवलं. गिअरबॉक्स बसेना म्हणून तोही बदलला. मग फरशी कापली, माउंटिंग वेल्ड केली. दर लग्नाला नवा ड्युको मारला. सीटचं मूळ कापड काढून रेक्झिन घातलं, कारण ते पुसायला बरं. सगळं हौसेने. आणि कॅडिलॅकमध्ये इंजिनाचा नंबर हीच गाडीची ओळख असल्याने इंजिन भंगारात गेलं की गाडीचं निम्मं नाव-गाव त्याच्याबरोबर गेलं.

यवतला हे सगळं करायचं ठरलेलं होतं. आबांचे धाकटे काका डिझेल इंजिन बघूनही आले होते. पण त्याच सुमाराला वाटणीचा दावा लागला. जमीन, विहीर, गुऱ्हाळ, बैलजोड्या आणि "एक मोटारगाडी" असा तो तक्ता. कोर्टाने 'जैसे थे'चा हुकूम दिला. झालं! गाडीला हात लावायची सोय राहिली नाही. एका बाजूने पाना उचलला की दुसरी बाजू वकिलाकडे. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांवर इतका डोळा ठेवला की साधा आरसासुद्धा चोरीला गेला नाही. दावा चालला, तारखा पडल्या, पुढच्या पिढीने समेट केला. तोवर गाडी सुरू कशी करायची हेच सगळे विसरून गेले होते. एवढ्या चांगल्या राखलेल्या गाडीच्या मागे राखणारा कोणी नव्हता, भांडण होतं. घेणाऱ्याला मी दिलेल्या अहवालात हे वाक्य जसंच्या तसं घातलं, त्याला ते आवडलं नाही.

रंग मूळचा, गडद हिरवा, वरून चुन्यासारखा पांढुरका पडलेला. मिस्त्रींनी अंगठ्याला थुंकी लावून दारावर फिरवली तर खालून हिरवा लखलखला. चुंबक सगळीकडे धरला, मागच्या डाव्या कमानीची बोटभर जागा सोडून. सीटचं कापड उंदरांनी एका कोपऱ्यात खाल्लेलं, बाकी शाबूत. उंदीर जास्त झाले नाहीत याचं कारण डिकीत सापडलं. स्टेपनीच्या कड्यात धामण कात टाकून गेली होती.

बॉनेटच्या मधोमध मात्र एक गोल खूण होती. ताटलीएवढी, दोन कडी एकात एक, रंगात खोल उतरलेली. मिस्त्री म्हणाले डबा ठेवलाय कोणीतरी तेलाचा. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या आईंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, सांगितलं ते वेगळंच. दर आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघून यवतला मुक्कामाला येते. गावात पिठलं-भाकरीचा बेत असतो, घराघरांतून भाकऱ्या जातात आणि मळ्यातल्या शेडमध्ये दिंडी उतरते. पावसाने भिजलेली धोतरं, लुगडी या गाडीवर वाळत घालायची, हे ठरलेलं. अठरा फूट लांब दोरी आयतीच. आणि दिंडीतल्या बायका डोईवरचं तुळशीवृंदावन उतरवायला स्वच्छ आणि उंच जागा बघायच्या, तर ती बॉनेट. वर्षानुवर्षं एकाच जागी पितळी बूड टेकून ती खूण पडली. "धनी वरडायचे कोर्टाचा हुकूम हाय म्हणून," आई म्हणाल्या. "म्हणलं, तुळशीला नोटीस काढा मग." मिस्त्रींनी चुंबक मोज्यात घालून खिशात टाकला.

गाडी सुरू करायचा दिवस म्हणजे या धंद्यातली खरी जत्रा. आदल्या दिवशी आठही प्लग काढून नळकांड्यांमध्ये तेल आणि रॉकेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. सकाळी पान्याने क्रँक हाताने फिरवून बघितला. कण्हला, पण फिरला. टाकीतल्या पेट्रोलचं वार्निश झालेलं, म्हणून टाकी बाजूला ठेवून सलाइनच्या बाटलीत ताजं पेट्रोल भरून ती बॉनेटच्या कडीला टांगली. अडचण बॅटरीची. १९५१ची कॅडिलॅक सहा व्होल्टची. बारा व्होल्ट १९५३पासून आले. सहा व्होल्टची एवढी मोठी बॅटरी आता दुकानात मिळत नाही, तीन सेल जोडून करून घ्यावी लागते. ती आणलेली होती, पण पहिल्या दोन दणक्यांत स्टार्टर नुसताच कुंथला. लगेच आबांचा पुतण्या ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन धावला. "बारा व्होल्टचा एक दणका द्या, उडतीय बघा." मिस्त्री स्टार्टर आणि त्याच्या मध्ये उभे राहिले. "दणका दे, पण आधी त्या घड्याळाची, रेडिओची आणि सगळ्या बल्बची भरपाई लिहून दे." मग त्यांनी अर्थिंगची पट्टी काढून खरवडली, पत्र्यापर्यंत घासली, परत लावली. तिसऱ्या खेपेला इंजिन फिरलं, शिंकलं, सायलेन्सरमधून उंदराचं घरटं आणि धुराचा लोट बाहेर आला आणि मग आठही सिलिंडर एकामागून एक लागत गेले. आवाज कसा म्हणाल तर जवळजवळ नाहीच. जमलेल्या पोरांची निराशा झाली, त्यांना बुलेटसारखं काहीतरी हवं होतं.

इथे एक प्रकार घडला तो अहवालात नाही. हायड्रामॅटिकच्या दांड्यावर खुणा असतात त्यांत 'पी' नसतो. उभी करायची तर इंजिन बंद करून दांडा रिव्हर्सला टाकायचा, मग आतला खटका चाक धरून ठेवतो. पुतण्याने एका पाहुण्याला दाखवायला म्हणून न्यूट्रलला सोडली. शेडच्या तोंडाशी उतार आहे. दोन टनाला टेकलेली गाडी अगदी शांतपणे, कुणालाही न विचारता चालू लागली आणि चिपाडाच्या ढिगात बंपरभर शिरून थांबली. काही झालं नाही. आबा म्हणाले, "पन्नास वर्षं उभी व्हती. कंटाळली आसंल."

टाकी साफ झाल्यावर हायवेच्या पंपावर नेली. तिथला मुलगा नोझल हातात धरून गाडीला प्रदक्षिणा घालू लागला. डावीकडे झाकण नाही, उजवीकडे नाही, मागे नंबरप्लेट उचलून बघितली. आबा मागच्या सीटवरून मजा बघत होते. शेवटी उतरले, डाव्या टेललाइटखालचा लाल गोळा दाबला, अख्खा दिवा माशाच्या कल्ल्यासारखा वर उचलला आणि खाली टाकीचं तोंड. ही १९४१पासूनची कॅडिलॅकची खोड. मागच्या ट्रकवाल्याने खाली उतरून तीनदा उघड-झाक करून घेतली. पेट्रोल भरलं ते अर्थातच वीस टक्के इथेनॉलचं, तिथे दुसरं नव्हतंच. उसाच्या पैशाने आलेल्या गाडीच्या पंपातले जुने रबरी पडदे आता उसाचंच स्पिरिट खाणार. मिस्त्रींनी नवे बसवले, पण त्यांचा त्यावर भरवसा नाही.

चाचणीला भुलेश्वरचा घाट ठरवला. यवतहून डोंगर चढून देवळापर्यंत, सगळी परीक्षा तिथे होते. चढताना दुसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली. इंजिन तापलं की नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप हवा ओढत बसतो. देवळातून परतणाऱ्या कुटुंबाकडून पाण्याची बाटली आणि टॉवेल मागून घेतला, ओला करून पंपावर गुंडाळला, दहा मिनिटं उसाच्या भावावर चर्चा झाली, गाडी पुन्हा चालू. उतरताना मिस्त्रींनी दांडा 'लो'वर टाकला आणि ब्रेकला पाय जवळजवळ लावलाच नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, तापले की नुसतं पायडल उरतं.

गाडी चालते हे कळल्यावर गिऱ्हाइकं सुरू झाली. पहिला आला तो लग्नाला गाड्या भाड्याने देणारा. त्याला मी जुलै २०२१चे नियम दाखवले. पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीची नवी नोंदणी 'व्हीए' मालिकेत होते, तिला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. पण रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशा कामांसाठीच रस्त्यावर काढायची. "मग नवरदेव प्रदर्शनातच बसवतो," म्हणाला, पण परत आला नाही. दुसरा हायवेवरचा हॉटेलवाला. त्याला गाडी दारात चबुतऱ्यावर हवी होती. भाव चांगला देत होता आणि मोठ्या मनाने म्हणाला, "इंजिन तुम्हाला राहू द्या, मला काय करायचंय?" त्या दिवशी मिस्त्री जेवले नाहीत. तिसरा शूटिंगला गाड्या पुरवणारा, त्याला ती काळी करायची होती, कारण सिनेमात व्हिलनची गाडी काळी असते.

मी ज्यांच्यासाठी गेलो होतो ते मुंबईचे गृहस्थ शेवटी स्वतः आले. हातमोजे, टॉर्च, सोबत मासिकातलं कात्रण. सगळं पसंत. फक्त बॉनेटवरची ती गोल खूण त्यांना खटकली आणि त्यावरून ते पूर्ण गाडीच्या रंगापर्यंत गेले. नवा रंग, नवं क्रोम, म्हणजे स्पर्धेत बक्षीस. मिस्त्री एवढंच म्हणाले, "रंग काढायचा असेल तर खुशाल काढा. मिस्त्री दुसरा बघा." ते गृहस्थ चांगले आहेत, म्हणून दोन दिवस विचार केला आणि फोन करून सांगितलं की रंग राहू दे. किमतीत मात्र त्या खुणेचे पैसे कापून घेतले. आबांनी कापू दिले.

विसार दिला आणि खरी गाडी अडली ती कागदांवर. आरसी बुक आबांच्या वडिलांच्या नावावर. आधी वारसाच्या नावावर चढवायचं तर फॉर्म ३१, आणि त्याला सगळ्या वारसांची संमती. काकांच्या बाजूची मुलं आली, सह्या करून गेली, कोर्टात भांडलेल्यांची नातवंडं गाडीपुढे उभी राहून फोटो काढत होती. राहिल्या इंदापूरकडे दिलेल्या आत्या, आबांची धाकटी बहीण. त्यांच्याकडे मी आणि आबा फॉर्म घेऊन गेलो तर म्हणाल्या, सही तिथं येऊन करीन, गाडीपाशी.

आल्या त्या नऊवारीत, हातात पिशवी. आबांना वाटलं पैशाचं काही असेल. तसं नव्हतं. "तू फुडं बसून मोकळं हाय, मोकळं हाय करायचास," आत्या म्हणाल्या, "मला एकदा तरी फुडं घेतलं का? मागं, आईच्या मांडीवर. पोरीची जात फुडं बसत न्हाय म्हणं." आता त्यांना पुढे बसायचं नव्हतं. चालवायची होती. आबांनी कपाळाला हात लावला. मिस्त्रींनी मात्र दार उघडलं आणि अगदी आदबीने समजावलं, "क्लच नाही, ताई. हा दांडा इथं आणायचा. हा पाय दाबला की जाती, हा दाबला की थांबती. बाकी तिचं ती बघून घेती." पुतण्याने शेडसमोरची माणसं, कोंबड्या आणि दलाल बाजूला केले.

आत्यांनी पदर खोचला. पहिल्यांदा ब्रेक दाबून बघितला, मग दुसरा पाय. गाडी हलली, सगळं अंगण ओलांडून, आंब्याला वळसा घालून, विहिरीच्या कठड्यापासून हातभर अंतर ठेवून पुन्हा शेडपाशी आली आणि धक्का न बसता उभी राहिली. मी फॉर्म आणि पेन घेऊन काचेपाशी गेलो.

"थांब जरा," आत्या म्हणाल्या. "सही काय पळून जातीय? आधी रिव्हर्स दाव."